कुंडलं कुठे फुटतं ते आधी बघ

प्रश्न असा आला आहे: ‘पुण्यात सिरॅमिकचा कोर्स करून मी गोव्यात म्हापशाजवळ छोटा स्टुडिओ सुरू केला आहे. चाक, इलेक्ट्रिक भट्टी सगळं आहे. कप, बशा, फुलदाण्या विकल्या जातात, पण घेणारे बहुतेक पर्यटक. घरमालकीण मावशी परवा म्हणाल्या, “बरं आहे गो, पण हे घेऊन करायचं काय?” आजची हस्तकला इथल्या संस्कृतीशी, रोजच्या जगण्याशी कशी जोडायची? माड, जुन्या खिडक्या, कावी अशी नक्षी घालू का? आणि भाव काय लावू?’

बाय, मावशींनी तुला विचारलं तेच मला सव्वीस वर्षांपूर्वी डिचोलीकडच्या एका म्हाताऱ्या कुंभाराने विचारलं होतं. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. मीही तुझ्यासारखाच शिकून आलेलो, घरात चार पिढ्यांत कुणी चिखलात हात घातलेला नाही. माझी पहिली बरी जमलेली हंडी घेऊन गेलो. वर निळी झिलई, बाहेर बोटांच्या रेषा मुद्दाम ठेवलेल्या. आबांनी ती फिरवून पाहिली, बोटाच्या पेराने वाजवली आणि म्हणाले, “बरें आसा. पूण हें उजो कशें सोसतलें?” (बरं आहे, पण हे विस्तव कसं सोसेल?) मी ऐटीत सांगितलं, साडेबाराशे अंशांवर भाजली आहे, तिला चुलीची काय भीती! ते नुसते हसले. घरी येऊन हट्टाने हंडीत पाणी घालून गॅसवर ठेवली. दहा मिनिटांत तळाला तडा गेला आणि पाणी बर्नरवर.

असं का झालं हे मला कोर्समध्ये शिकवलेलं होतं, फक्त ते हंडीला लागू पडतं हे डोक्यात आलं नव्हतं. चढ्या आचेवर माती काचेसारखी घट्ट होते. पाणी झिरपत नाही, वस्तू टिकाऊ होते, पण तळ तापतो आणि काठ थंड राहतो तेव्हा त्या ताणाला जायला जागा नसते. आबांचं कुंडलं, म्हणजे कालवण शिजवायचं मातीचं भांडं, आव्यात (कुंभाराच्या उघड्या भट्टीत) जेमतेम सात-आठशे अंश पाहतं. त्यात रेती मिसळलेली असते, अंगात बारीक छिद्रं राहतात. आतून तडा निघालाच तर पहिल्या छिद्रापाशी थांबतो. त्यात कोपरा कुठेच नाही. चाकावरून उतरवताना त्याचा तळ जाड आणि सपाट असतो. मग अर्धवट सुकल्यावर आतून दगडी गोटा धरून बाहेरून लाकडी चोपणीने ते सगळीकडून ठोकायचं. ठोकता ठोकता तळ गोल होतो आणि पातळही. आबा हे करताना बघत नसत, ऐकत. जाड जागी चोपणीचा आवाज बद्द येतो, पातळ झालं की जरा मोकळा. मला तो फरक कळायला दोन हंगाम लागले, आणि अजूनही दहातलं एखादं चुकतं.

त्या कुंडल्यात संस्कृती कुठे आहे म्हणशील तर बाहेर नक्षीची एक रेघसुद्धा नाही. ती आहे कालच्या कडीत, म्हणजे आदल्या दिवशीच्या कालवणात. रात्रीचं हुमण (माशाचं कालवण) कुंडल्यातच राहतं, सकाळी मंद आचेवर आटतं आणि पेजेबरोबर खाल्लं जातं. सोलाचा आंबटपणा ॲल्युमिनियमला खातो, मातीला काही करत नाही. गोल तळाला कालथा कोपऱ्यात अडत नाही. म्हणजे मातीत रेती किती, तळ गोल का, काठ बाहेर वळलेला का, या प्रत्येकाचं उत्तर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात मिळतं. म्हणून तुझ्या ‘कशी जोडायची’ला माझं उत्तर थोडं उलटं आहे. नक्षीचा विचार आधी बाजूला ठेव आणि बघ की कोणती वस्तू इथल्या घरात वापरून वापरून फुटते, आणि फुटल्यावर लोक पुन्हा आणायला निघतात. फुलदाणी फुटली तर हळहळ होते. पण आमच्या शेजारणीचं कुंडलं फुटलं की त्याच आठवड्यात शुक्रवारी ती म्हापशाच्या बाजारात.

या कसोटीवर गोव्यातली मातीची कामं एकेक करून लावून बघितली तर चित्र बरंच साफ होतं.

रेंदेराचं, म्हणजे माडी काढणाऱ्याचं, दामोणं जवळजवळ संपलं. माडावर सूर (माडी) धरायला पोयीला, म्हणजे फुलोऱ्याच्या कोंबाला, बांधायचं ते छोटं मडकं. पूर्वी एकेका रेंदेराला डझनांनी लागायचं, वाऱ्यापावसाने फुटायचंही भरपूर. रेंदेरच कमी झाले आणि जे उरले त्यांच्याकडे प्लॅस्टिकचा कॅन आला. फेणीच्या भट्टीतलं मातीचं भाणही गेलं, तिथे तांबं आलं. याबद्दल मी गळा काढत नाही. माडावर चढणाऱ्या माणसाला हलका कॅन हवा असेल तर तो हवाच. पाण्याचं मडकं उन्हाळ्यापुरतं जगून आहे. पणत्या दिवाळीला खपतात, पण त्यातल्या कित्येक बाहेरून येतात आणि त्या भावात इथे कुणाला परवडत नाही.

आणि घुमट मात्र जोरात आहे. त्याच्यावर जरा थांबतो, कारण तुला शिकायचं असेल तर इथेच.

घुमट म्हणजे दोन तोंडांचं मडकं. मोठ्या तोंडावर कातडं, मागचं लहान तोंड उघडं. वाजवणारा एका हाताने कातड्यावर थाप देतो आणि दुसऱ्या तळव्याने मागचं तोंड झाकत-उघडत स्वर वाकवतो. चवथीच्या दिवसांत वाड्यावाड्यावर आरत्या सुरू झाल्या की घुमट, शामेळ (ढोलकं) आणि कांसाळं (झांजा) यांचा जो गजर उठतो तो गोव्याबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. हेच घुमट ख्रिस्ती घरात मांडो-दुलपद या गाण्यांनाही वाजतं, गावड्यांच्या जागरातही. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं ताणत. १९७२च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं कातडं लावतात. जुने वादक कुरकुरतात की तो नाद नाही. असेल. पण या बदलाने कुंभाराचं काम पालटलं हे कुणी लिहीत नाही. कातडं बदललं की ताण बदलतो, म्हणून काठाची जाडी बदलावी लागते. कुठलं कातडं किती ओढणार हे ठाऊक असल्याशिवाय घुमटाचा काठ काढता येत नाही. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला. ते चांगलंच झालं, पण घुमट त्या कागदामुळे जगलेलं नाही. दर चवथीला आरतीच्या भरात कुणाचं तरी घुमट भिंतीला लागून फुटतं, आणि पुढच्या चवथीआधी नवं लागतं. तारीख ठरलेली आहे. ती चुकवून चालत नाही.

तारीख म्हणताना पाऊस विसरू नकोस. आपल्याकडे पाऊस वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर. जून लागला की कच्चा माल आठ-आठ दिवस सुकत नाही, उघडा आवा तर पेटतच नाही. म्हणून भादव्यात वाजणारं घुमट मे महिन्याच्या आत भाजून माळ्यावर गेलेलं असतं. भात कापून झालं की शेतातली चिकणमाती काढायची, ती मुरवायची, डिसेंबरपासून चाक, चुडतं-सोडणं (माडाच्या झावळ्या आणि नारळाची सालं) जमवून आवे लावायचे, आणि पावसात चित्रशाळेत गणपती. गणपती भाजायचे नसतात म्हणून ते पावसात जमतात, तेही दिवे लावून, पंखे लावून, ओल्या मूर्तीशी झटत. हे वेळापत्रक कुणी आखलेलं नाही. पाऊस, शेती आणि सण यांनी मिळून ते बसवलंय. तुझी इलेक्ट्रिक भट्टी बाराही महिने चालते. सोय म्हणून उत्तम आहे, पण तिच्यामुळे वर्षाचा हा आकार हाताला लागत नाही. निदान एक वर्ष तरी तुझं काम या वेळापत्रकावर चालवून बघ, असं मी सांगेन.

आता नक्षी. कावी घालू का, असं विचारलंयस. कावी म्हणजे चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा हात देऊन तो खरवडायचा आणि आतला पांढरा चुना उघडा पाडायचा. देवळांच्या, जुन्या घरांच्या भिंतींवर ती शोभते कारण भिंतच चुन्याची आणि माती अंगणातली. त्यातला मोर उचलून कपावर छापलास तर तो फक्त मोर. पण कावीची रीत उचललीस तर? तुझी माती तांबडी आहेच. तिच्यावर पांढऱ्या चिकणमातीचा पातळ हात दे आणि ओलसर असताना खरवड. रंग उलटे होतील, पांढऱ्यातून तांबडं दिसेल, पण हात तोच चालतो, घाईही तीच, सुकायच्या आत संपवण्याची. मी अशा पेजेच्या वाडग्या करतो. त्यांवर मोर नाही, काठाला एक वेल असते. ती जमते कारण खरवडण्याला वेल सोपी पडते. माड आणि रंगीत खिडक्यांची चित्रं मात्र कृपा करून सोड. ती आता फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकांवर पुरेशी झाली आहेत.

इतर हस्तकलांकडेही असंच बघता येईल. कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचे लाखेचे पाळणे आणि चौरंग टिकले, कारण बारसं आणि चवथ टिकली. बांबूची पाटली, म्हणजे टोपली, टिकली, कारण लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला माहेरचं वजें (भेटीचं सामान) पाटलीतच जातं, प्लॅस्टिकच्या टोपलीत नेलं तर सासरी काय बोलतील याची धास्ती अजून आहे. कुणबी लुगड्याचं जरा वेगळं. शेतात नेसायचं ते तांबड्या चौकड्यांचं जाडं कापड जवळजवळ गेलंच होतं. वेंडेल रॉड्रिक्स यांच्यासारख्या डिझायनरने त्याला हात लावला आणि ते पुन्हा चर्चेत आलं. आज ते पणजीतल्या समारंभात दिसतं, भातलावणीत दिसत नाही. काही जणांना हे खुपतं. मला वाटतं, कापड जिवंत आहे, फक्त घर बदललं. मात्र त्याला भातलावणीचं कापड म्हणून विकू नये.

मातीबद्दल एक स्वतःची फजिती सांगतो, तुझा स्टुडिओ म्हापशाच्या बाजूला आहे म्हणून. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका हॉटेलासाठी साठ ताटल्यांची मागणी आली. मला वाटलं, माती अगदी इथलीच वापरू, मग गोष्ट सांगायला बरी. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतातल्या, बांधाजवळची काळसर माती आणली. हाताला लोण्यासारखी. ताटल्या सुंदर निघाल्या, मे अखेरीस पोहोचवल्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फोन: ताटल्यांना फोड येताहेत. जाऊन बघितलं तर पृष्ठभागावरून नखाएवढे टवके उडालेले, आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका. खाजनातली माती म्हणजे खाऱ्या पाण्याची माती. त्यात तिसऱ्या-खुब्यांच्या शिंपल्यांचा चुरा असतो. भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. पावसाळी हवेतली ओल पिऊन तो फुगतो आणि वरची माती उडवतो. साठच्या साठ परत घेतल्या, पैसेही परत केले. मीठ वेगळंच, भाजल्यावर त्याची पांढरी साय वर येते.

तेव्हा माती आणलीस की आधी एक खडा वाळव आणि त्यावर लिंबू पीळ. चुरचुरून फेस आला तर त्यात चुना आहे. थोडा असेल तर माती पाण्यात पातळ कालवून बारीक चाळणीतून दोनदा गाळ, जास्त असेल तर परत टाक. डिचोलीकडच्या आतल्या शेतांतली माती बरी, पण तिथेही कुठल्या शेतातली ते विचारून घे. खाणींच्या काळात काही शेतांवर खाणीचा गाळ वाहून येऊन बसलाय. त्याच खाणींनी चाकावरची एक पिढीही नेली. पोरं ट्रकवर गेली, कारण ट्रकवर पैसा होता. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा दारात ट्रक उभे होते आणि चाक माळ्यावर. त्यातले काहीच जण परत मातीकडे आले.

झिलईचं थोडक्यात. आपल्या घरात आंबट नाही असा दिवस नाही, त्यामुळे जेवणाच्या भांड्यावर शिसं असलेली झिलई अजिबात नको, कितीही चमकली तरी. नवी झिलई केलीस की तिच्यावर लिंबाची फोड रात्रभर ठेव. सकाळी तिथला रंग उतरला किंवा चकाकी गेली तर ते भांडं फुलांसाठी. आणि ज्या बारीक जाळीदार तड्यांना शहरात लोक ‘किती सुंदर टेक्श्चर’ म्हणतात, त्यात हळद आणि खोबरेल शिरून महिन्याभरात ताटली पिवळ्या नकाशासारखी दिसते. मावशी ती कुत्र्याला देतील.

मी स्वतः काय केलं तेही सांगतो. गोल तळाचं कुंडलं गॅसच्या शेगडीवर डुगडुगतं, आणि चूल आता क्वचितच. म्हणून चोपताना मधोमध बशीएवढी जागा जरा बसकी ठेवली, पण कोपरा येऊ दिला नाही, बसकेपणा हळूच वर वळवला. पहिली पंधरा वाड्यावर फुकट वाटली. सोबत एकच सांगणं: आधी दिवसभर पाण्यात बुडवा, मग पेज शिजवा म्हणजे छिद्रं थोडी बुजतात, आणि फुटलं तर तुकडे मला आणून द्या. चार फुटली. तुकडे पाहिल्यावर कळलं, तीन त्याच जागी फुटली होती, बसका भाग संपून वळण सुरू होतं तिथे, म्हणजे मी तिथे कमी ठोकलं होतं. चौथं एका काकूंनी तापलेलं तसंच ओल्या ओट्यावर ठेवलं. पुढच्या खेपेला ती जागा सुधारली. आता वाड्यावर फुकट मागत नाहीत, विकत नेतात. काकूंचं आता तिसरं चालू आहे. इंडक्शनवर माती चालत नाही, ते स्वच्छ सांगायचं.

प्रदर्शनांबद्दल माझं मत जरा कडू आहे. २०१६ पासून डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव होतो, पिळर्णला ‘म्युझियम ऑफ गोवा’ आहे, लोकोत्सवात कारागिरांच्या रांगा लागतात. मी जातो, शिकतोही. पण तिथे एकाच चाकावरच्या दोन माणसांना दोन नावं मिळतात. तू आणि मी ‘सिरॅमिक आर्टिस्ट’, आणि ज्यांच्याकडे आपण शिकलो ते ‘पारंपरिक कुंभार’. भावात तर दहापट फरक. हे तू-मी एका दिवसात मोडणार नाही, पण निदान एवढं करता येतं: घुमटाचं किंवा कुंडल्याचं अंग त्यांच्याकडून घेतलंस तर रोख पैसे दे, आणि वस्तूवर त्यांचं नाव तुझ्या नावाच्या आधी घाल. मी स्वतः घुमट करायला शिकलो, पण विकत नाही. ते गिऱ्हाईक त्यांचं आहे.

आता भाव. पर्यटकांच्या कपांची लाज बाळगू नकोस, त्या पैशावर भट्टीचं वीजबिल भरलं जातं. माझे कप नऊशेला जातात, कुंडलं अडीचशेला. लोक विचारतात, मोठी वस्तू स्वस्त कशी? कुंडल्याचा भाव बाजारातल्या स्टीलच्या टोपाशी बांधलेला आहे, त्याच्या फार वर गेलो तर मावशी टोप घेतील. म्हणून ते अडीचशेत बसेल इतक्या वेळातच संपवावं लागतं. एक नग वीस मिनिटांत चाकावरून उतरला पाहिजे, चोपायला आणखी वीस. तुझा हात तिथपर्यंत आलेला नसेल, म्हणून पहिलं वर्ष कुंडल्याचा धंदा धरू नकोस, नुसता हात धर. पेजेच्या वाडगीपासून सुरुवात कर. तिला आगीशी सामना नाही, तुझ्या भट्टीत ती नीट भाजली जाईल, आणि मावशींच्या घरी रोज सकाळी तिची परीक्षा होईल. माप त्यांनाच विचार. माझी पहिली वाडगी मी अर्ध्या लिटरची केली होती, तर आमच्या शेजारणीने त्यात पीठ भिजवलं.

डिसेंबरात डिचोलीला ये. आवा बहुतेक महिन्याच्या शेवटी लागेल. जुने कपडे घाल आणि लिंबू बरोबर आण.